दशकांची प्रतवारी लावण्यापूर्वी : बडोद्यातील ॲनिमेशनप्रेमींना खुले पत्र

बडोद्यातील मराठी ॲनिमेशनप्रेमी मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

2025च्या जुलैमध्ये ‘महावतार नरसिंह’ प्रदर्शित झाला, पाहता पाहता भारतातला सर्वाधिक कमाई करणारा ॲनिमेशनपट ठरला, आणि आपल्या गप्पांमध्ये एक जुना विषय पुन्हा निघू लागला. गणपतीच्या मांडवात आरती आटोपल्यावर, कोजागिरीला दूध आटत असताना, मंडळाच्या सभेनंतर खुर्च्या आवरता आवरता, ॲनिमेशनचे कोणते दशक खरे वैभवाचे आणि कोणते पडझडीचे यावर आपल्यात चांगलीच जुंपते. मी चित्रकला शिकवते आणि या वादांत हिरिरीने भाग घेते. त्यांत या कलेविषयीचे प्रेम आहे आणि रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर ठाण मांडून बसलेल्या पिढीची कृतज्ञताही आहे. तरीही हे वाद ज्या गृहीतकावर उभे आहेत ते तपासून घ्यायला हवे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे, आणि ते नीट लिहून तुमच्यापुढे ठेवावे म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या बोलण्यात एक आलेख जवळजवळ सर्वमान्य झालेला आहे. 1930 आणि 1940ची दशके सुवर्णकाळाची, 1960नंतर उतार, 1970पासून 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत अंधार, 1989मध्ये ‘द लिटिल मर्मेड’ने झालेले पुनरुत्थान, 2004च्या सुमारास हाताने काढलेल्या चित्रांचा अस्त आणि त्यानंतर संगणकाचे राज्य. हा आलेख खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण तो कॅलिफोर्नियातल्या डिस्ने या एका कंपनीच्या ताळेबंदाचा आलेख आहे आणि आपण तो साऱ्या जगाच्या ॲनिमेशनला लावत सुटलो आहोत. माझे म्हणणे असे की, चित्र काढण्यासाठी मिळणारा पैसा व वेळ यांचे चढउतार एका रेषेने दाखवावेत आणि कलेचे चढउतार दुसऱ्या रेषेने, कारण या दोन रेषा कित्येकदा एकमेकींच्या विरुद्ध दिशेने गेल्या आहेत.

ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो तिथेच पाहा. ‘स्नो व्हाइट’ 1937च्या डिसेंबरमध्ये आला आणि त्याने प्रचंड कमाई केली. त्यानंतर 1940मध्ये आलेले ‘पिनोकिओ’ आणि ‘फँटेझिया’ हे दोन्ही चित्रपट रेखाटनाच्या दृष्टीने आजही अभ्यासण्याजोगे आहेत, परंतु महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती आणि दोघांचाही खर्च तेव्हा निघाला नाही. 1941मध्ये त्याच स्टुडिओत कलावंतांनी संप केला. पगारातली तफावत आणि श्रेयनामावलीत नाव न येणे या त्यांच्या तक्रारी होत्या. म्हणजे कला शिखरावर होती तेव्हा तिजोरी रिकामी होती आणि काम करणारे फाटकाबाहेर उभे होते. त्या संपानंतर बाहेर पडलेल्या काही जणांनी यूपीए (युनायटेड प्रॉडक्शन्स ऑफ अमेरिका) हा स्टुडिओ उभारला, सपाट रंग आणि मोजक्या रेषा यांची एक सर्वस्वी नवी शैली घडवली, आणि त्यांच्या ‘जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग’ या लघुपटाला ऑस्कर मिळाले. ही घटना उताराची म्हणायची की चढाची, हे तुम्हीच ठरवा.

दूरचित्रवाणीच्या काळाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण आपल्या वादांत सर्वांत जास्त अन्याय त्या काळावर होतो. चित्रपटात एका सेकंदाला 24 चौकटी लागतात. एकेक चित्र दोन चौकटींसाठी धरले तरी सेकंदाला 12 चित्रे होतात, आणि सात मिनिटांच्या लघुपटात एका पात्रासाठीच पाच हजारांवर चित्रे काढावी लागतात. ‘टॉम अँड जेरी’ या पद्धतीने बनत असे. 1957मध्ये तो बनवणाऱ्या एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीने आपला ॲनिमेशन विभाग बंद केला, कारण जुने लघुपट पुन्हा दाखवूनही जवळजवळ तेवढेच उत्पन्न मिळते असा हिशेब त्यांनी मांडला होता. ‘टॉम अँड जेरी’ करणाऱ्या हॅना आणि बार्बेरा या जोडीला त्यानंतर दूरचित्रवाणीसाठी काम करावे लागले, आणि तिथला पैसा कित्येक पटींनी कमी होता. मग त्यांनी पात्राचे धड एका सेलवर, म्हणजे पारदर्शक पातळ पत्र्यावर, स्थिर ठेवले आणि केवळ डोके, तोंड किंवा हात तेवढे वेगळ्या सेलवर हलवले. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे तो शोभेसाठी नव्हे, तर धड आणि डोके यांचा सांधा त्याखाली लपावा म्हणून. पुढच्या वेळी पाहताना त्या कॉलरवर नजर ठेवा. डोके वळते, ओठ हलतात आणि कॉलरच्या खालची एकही रेषा तसूभर सरकत नाही. टॉम जिन्यावरून गडगडत असताना त्याच्या शेपटीच्या टोकापर्यंत जीव ओतणाऱ्या माणसांवर ही वेळ आली याचे मला वाईट वाटते, आणि त्यांच्यापुरता तो उतारच होता हे मी मान्य करते.

मात्र त्याच काटकसरीतून जपानमध्ये काय उगवले तेही पाहायला हवे. ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही साप्ताहिक मालिका 1963च्या जानेवारीत सुरू झाली. पैसा अपुरा होता, म्हणून चित्रे कमी काढली जात आणि एकदा काढलेली जपून ठेवून पुन्हा वापरली जात. त्या अडचणीतूनच स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवण्याचे, एखाद्या नजरेवर थांबण्याचे आणि शांततेचा वापर करण्याचे एक व्याकरण तयार झाले. 1988मध्ये, आपल्या आलेखाप्रमाणे अंधार नुकता कुठे सरत असताना, जपानमध्ये ‘माय नेबर टोटोरो’, ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ आणि ‘अकिरा’ हे तीन चित्रपट एकाच वर्षी प्रदर्शित झाले. असे वर्ष त्या काळात अमेरिकेच्या वाट्याला आले नाही.

याच काळातला एक प्रसंग दोन रेषांचे माझे म्हणणे सर्वांत नेमके दाखवतो. 1959चा ‘स्लीपिंग ब्यूटी’ फार खर्चिक ठरला. त्यानंतर 1961च्या ‘101 डॅल्मेशियन्स’मध्ये ॲनिमेटरची पेन्सिलची रेषा झेरॉक्सच्या तंत्राने थेट सेलवर उतरवण्यात आली. तोपर्यंत ती रेषा शाईने गिरवण्याचे काम स्त्रिया करीत असत. आपल्यातले जाणकार त्या चित्रपटातल्या खरखरीत, जिवंत रेषेची मनापासून तारीफ करतात आणि ती तारीफ योग्यच आहे, कारण कलावंताचा हात जसाच्या तसा पडद्यावर दिसला. पण त्याच तंत्रामुळे त्या स्त्रियांचे काम गेले. एकच निर्णय एका रेषेवर चढ आहे आणि दुसरीवर उतार, आणि आपल्या प्रतवारीत त्या स्त्रियांसाठी रकानाच नाही.

आता तथाकथित अंधारयुगाकडे येते. 1975 आणि 1979मध्ये मॉस्कोत युरी नॉरस्टाइन यांनी ‘हेजहॉग इन द फॉग’ आणि ‘टेल ऑफ टेल्स’ हे लघुपट केले. पत्नी फ्रान्चेस्का यार्बुसोवा यांनी काढलेल्या चित्रांचे तुकडे ते काचांच्या थरांवर मांडून हलवत असत. धुक्यात वाट चुकलेल्या त्या काटेरी जनावराला पाहताना माझ्या वर्गातली सर्वांत चुळबुळी मुलेही गप्प होतात. 1977मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी ‘बीड गेम’ झाला. त्यात हजारो मणी कॅमेऱ्याखाली हाताने सरकवलेले आहेत. एक जीव दुसऱ्याला गिळतो, गिळणाऱ्याला तिसरा गिळतो, आणि ही मालिका वाढत वाढत माणसांच्या युद्धांपर्यंत जाऊन पोहोचते. पार्श्वसंगीत ज्ञानप्रकाश घोष यांचे आहे. या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि तो करणारे ईशू पटेल आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये शिकलेले, नंतर अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) गेलेले. 1984च्या त्यांच्या ‘पॅराडाइज’लाही नामांकन मिळाले होते. आपल्याच गावात शिकलेल्या माणसाने ज्या दशकात हे काम केले, त्या दशकाला आपण इथे बसून अंधारयुग म्हणतो, हे मला खरोखर लागते.

या शहराचा धागा त्याहूनही जुना आहे. 1890मध्ये महाराज सयाजीरावांनी कलाभवन स्थापन केले आणि त्याच सुमारास धुंडिराज गोविंद फाळके तिथे शिकायला आले. चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईच्या निरनिराळ्या प्रक्रिया यांचे संस्कार त्यांच्यावर इथे झाले. त्यांना आपण पहिल्या कथापटाचे जनक म्हणून ओळखतो, पण त्याआधी 1912मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसादिवसाने चित्रित केली होती, आणि 1915मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केला, ज्यात काड्याच पडद्यावर हालचाल करतात. हा प्रयोग मी मुलांकडून करून घेते. स्टुलाला मोबाइल घट्ट बांधायचा, खाली काळा कागद अंथरायचा, काडी थोडीशी सरकवायची, हात बाजूला घ्यायचा आणि छायाचित्र घ्यायचे. बाही लागून काडी हलली की सगळी रांग पुन्हा मांडावी लागते. खिडकीबाहेर ढग आला की उजेड बदलतो आणि चालवून पाहताना अख्खा सेकंद लुकलुकतो. मुले कंटाळतात, भांडतात, आणि मग एक काडी आपल्या पायाने चालत गेल्यासारखी दिसली की ओरडतात. फाळक्यांजवळ केलेले काम तत्काळ पाहण्याची सोय नव्हती. 1915 हे वर्ष आपल्या प्रतवारीत कुठेच का नाही, हा प्रश्न मला त्या वर्गात दरवेळी पडतो.

भारतातल्या चढउताराची कारणेही याच अंगाने शोधली पाहिजेत. प्रभातने 1934मध्ये ‘जंबू काका’ केला होता, पण त्या कामाला सलगता मिळाली नाही. ती पहिल्यांदा मिळाली 1956मध्ये, केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून फिल्म युनिट सुरू केले तेव्हा. मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स इथे येऊन शिकवू लागले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या चमूने 1957मध्ये जातककथेवरचा ‘द बन्यन डिअर’ पूर्ण केला. त्या चमूत राम मोहन होते. सरकारी पगार, ठरलेले काम आणि चुकण्याची मुभा या तीन गोष्टींनी त्या पिढीला घडवले असे माझे ठाम मत आहे. 1974चा ‘एक अनेक और एकता’ याच परंपरेतला. दिग्दर्शन विजया मुळे यांचे आणि चित्रांकन भीमसेन यांचे. जाळ्यात सापडलेले पक्षी एकदम पंख मारतात आणि जाळ्यासकट उडतात, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे, परंतु ते काढणाऱ्यांची नावे विचारली की गप्पा तिथेच थांबतात. त्या पक्ष्यांचे आकार किती थोड्या रेषांत आहेत आणि रंग किती मोजके आहेत, हे एकदा आवाज बंद करून पाहा. तुटपुंज्या साधनांत केलेले ते पूर्ण विचारान्ती केलेले काम आहे.

त्यानंतरच्या घसरणीचे कारण कलावंतांची कुवत कमी झाली हे नव्हे. 1992चा ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांनी मिळून केलेला भारत-जपान सहकार्याचा चित्रपट त्या वेळी आपल्या चित्रगृहांतून देशभर नीट पोहोचलाच नाही. पुढे अनेक मुलांनी तो घरच्या टीव्हीवर पाहिला, आणि मोठ्या पडद्यावर तो रीतसर आला 2025च्या जानेवारीत. नव्वदीच्या अखेरीपासून आपल्याकडे मोठमोठे स्टुडिओ उभे राहिले, पण त्यांतले पुष्कळसे काम परदेशी मालिकांसाठीचे होते. मूळ पात्र तिकडचे, मुख्य रेखाटने तिकडची, आणि मधली चित्रे व रंग भरणे इकडे. हजारो हातांना त्यातून रोजगार मिळाला, याची किंमत मी कमी लेखत नाही. मात्र कथा सुचवणारा आणि पात्र घडवणारा कलावंत त्यातून तयार होत नाही. 2005च्या ‘हनुमान’ला यश मिळाले तेव्हाही भारतीय ॲनिमेशनचे दिवस आले असे आपण म्हणालो होतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत बालरूपातल्या देवांचे चित्रपट एकामागून एक आले आणि ती लाट ओसरली. 2012चा ‘अर्जुन : द वॉरियर प्रिन्स’ दृश्यरचनेत त्या सगळ्यांच्या कितीतरी पुढे होता आणि तो आपण चित्रगृहात जाऊन पाहिला नाही. गीतांजली राव यांचा, चौकटीमागून चौकट रंगवून केलेला ‘बॉम्बे रोझ’ 2019मध्ये व्हेनिसला दाखवला गेला. आपल्या गप्पांत त्याचे नावही मी क्वचितच ऐकले आहे. म्हणून ‘महावतार नरसिंह’च्या यशाचा आनंद मानतानाही सुवर्णकाळ आला असे म्हणण्याची घाई करू नये. या यशातून पुढच्या दहा वर्षांचे सलग काम किती कलावंतांना मिळते, त्यावर ते ठरेल.

हाताने काढलेल्या चित्रांचा अस्त संगणकाने केला, हेही असेच एक वाक्य आपल्यात रूढ आहे. 2004मध्ये डिस्नेने फ्लोरिडातला स्टुडिओ बंद केला आणि हाताने काढलेल्या चित्रपटांचे काम आवरते घेतले, हे खरे. पण त्याच्या आदल्याच वर्षी ऑस्कर मिळाले ते हयाओ मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ला, आणि तो मुख्यतः हातानेच काढलेला आहे. साधन तेच असताना एका ठिकाणी दारे बंद झाली आणि दुसऱ्या ठिकाणी गौरव झाला, तेव्हा कारण साधनात नसून निर्णय घेणाऱ्यांत आहे. उलट बाजूने पाहिले तर 2025चे ऑस्कर मिळवणारा लाटव्हियाचा ‘फ्लो’ हा संवादाविना असलेला चित्रपट ब्लेंडर या मोफत मिळणाऱ्या संगणक प्रणालीवर तयार झाला आहे. ती प्रणाली आज बडोद्यातला कोणताही विद्यार्थी आपल्या घरच्या संगणकावर उतरवून घेऊ शकतो.

2025च्या मार्चमध्ये आपल्यापैकी अनेकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आपली कौटुंबिक छायाचित्रे मियाझाकी यांच्या जिब्ली या स्टुडिओच्या धर्तीवर करून घेतली आणि हौसेने सर्वांना पाठवली. त्यामागचे प्रेम मला कळते. पण त्याच स्टुडिओच्या 2013च्या ‘द विंड रायझेस’मधील गर्दीच्या अवघ्या चार सेकंदांच्या दृश्यावर एका ॲनिमेटरने सव्वा वर्ष काम केले होते. त्या गर्दीतला प्रत्येक माणूस आपापल्या कामाने, आपापल्या घाईने चाललेला आहे. त्या सव्वा वर्षाविषयी ज्यांना आदर आहे, त्यांनी क्षणात निघालेल्या नकलेला त्या स्टुडिओचे नाव देऊ नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

आता प्रत्यक्ष करण्याजोग्या गोष्टी. यापुढे एखाद्या दशकाला चांगले किंवा वाईट ठरवताना देश कोणता, काम कोणी केले आणि त्याला किती वेळ व पैसा मिळाला, हे बोलल्याशिवाय निकाल देऊ नये. हा शिरस्ता आपण पाळला तर गप्पा कमी होणार नाहीत, उलट त्यांना खाद्य मिळेल. दुसरे म्हणजे, आपली मंडळे नाट्यसंगीताला, कथाकथनाला आणि पाककृतींच्या स्पर्धांना जशी संध्याकाळ देतात, तशी येत्या उन्हाळ्याच्या सुटीत एक संध्याकाळ या लघुपटांना द्यावी. ‘बीड गेम’ फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो, ‘एक अनेक और एकता’ही सहज उपलब्ध आहे. जाहीर प्रयोगासाठी लागणारी परवानगी रीतसर मागावी आणि प्रत्येक लघुपटाआधी तो कोणी, कुठे, कशाच्या साहाय्याने केला हे मराठीत सांगावे. फाइन आर्ट्समधल्या आणि एनआयडीतल्या विद्यार्थ्यांचे स्वतःचे काम दाखवण्यासाठी शेवटचा अर्धा तास राखून ठेवावा. एनआयडीचे विद्यार्थी अहमदाबादहून दोन-अडीच तासांत येऊ शकतात.

तिसरी गोष्ट सर्वांनी मिळून करायची आहे. फिल्म्स डिव्हिजन आता एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाले आहे. कार्टून फिल्म युनिटने केलेले लघुपट स्वच्छ करून, प्रत्येक कलावंताच्या नावानिशी आणि मराठीसह भारतीय भाषांतल्या निवेदनासह लोकांसाठी खुले करावेत, असा विनंतीअर्ज आपण बडोद्यातून पाठवावा. मराठी निवेदन लिहिण्यासाठी आणि वाचण्यासाठी आपल्या शहरात माणसांची वाण नाही. हौशी नाटकांतून घडलेले उत्तम आवाज आपल्याकडे आहेत. अर्जाचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. ज्यांना तो वाचून दुरुस्त्या सुचवायच्या असतील, त्यांनी मंडळाच्या पुढच्या सभेला थोडे लवकर यावे. सह्यांचे कागदही तिथेच ठेवलेले असतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे